रोज सेट्रीझिन घेतली तर चालेल का?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. दरवर्षी गणपती उठले की त्यांच्या शिंका सुरू होतात. नाक गळतं, डोळे आणि टाळू खाजते, आणि हे दिवाळीपर्यंत चालतं. मेडिकलमधून सेट्रीझिन ही ॲलर्जीची गोळी आणतात आणि आठवेल तशी घेतात. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. रोज घेतली तर सवय लागेल का? किडनी खराब होईल का? आणि घरात सासूबाई (बीपी, शुगर) आणि पाच वर्षांची मुलगी या दोघीही शिंकतात, तर तीच गोळी अर्धी-पाव करून त्यांना दिली तर चालेल का?

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. आजार ओळखणं माझं काम नाही; पण गोळीच्या आत काय आहे, ती कशासोबत घेऊ नये आणि कुणाला देऊ नये, हे सांगणं माझं काम आहे आणि ते मी रोज काउंटरमागून करतो.

आधी सरळ उत्तर. किडनी-लिव्हर धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाने हंगामात रोज १० मिलिग्रॅमची एक सेट्रीझिन घेतली तर तिची नशेसारखी सवय लागत नाही आणि चांगली किडनी तिने बिघडत नाही. गंमत उलटी आहे: हे औषध बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर ते शरीरात साचतं आणि गुंगी वाढते. तिथे डॉक्टर डोस कमी करतात, बहुतेकदा निम्म्यावर आणतात. सासूबाईंना शुगर आहे, म्हणून त्यांचा क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) गेल्या वर्षभरात तपासला आहे का, हा माझा पहिला प्रश्न राहील. नातीला आणि सासूबाईंना ‘तीच गोळी अर्धी-पाव’ हे मात्र करू नका. का, ते पुढे येतं.

सवयीबद्दल एक बारीक गोष्ट सांगायला हवी. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियंत्रक संस्था) इशारा दिला की सेट्रीझिन किंवा तिचंच दुसरं रूप असलेली लिव्होसेट्रीझिन दीर्घकाळ रोज घेऊन अचानक बंद केल्यावर काही जणांना सगळ्या अंगाला जबरदस्त खाज सुटते. प्रमाण फार कमी आहे आणि त्यातले बहुतेक जण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं गोळी घेणारे होते. पण लोक इथेच फसतात. खाज सुटली की वाटतं ॲलर्जी परत आली, पुन्हा गोळी सुरू, आणि हे चक्र संपतच नाही. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत अशी खाज आलीच, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा; ते गोळी हळूहळू कमी करत बंद करायला सांगू शकतात. दीड-दोन महिन्यांच्या हंगामासाठी घेणाऱ्याने यामुळे घाबरायचं कारण नाही.

आता यजमानांकडे येऊ. त्यांना खरंच हंगामी ॲलर्जी आहे का? सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यानंतर मोकळ्या प्लॉटांवर, रुळांच्या कडेने, नाल्यांच्या काठाने गाजर गवत कमरेएवढं वाढतं आणि पांढरं फुलतं. वेडी बाभूळ, रानगवतं वेगळीच. त्यांचा त्रास याच काळात येतो, डोळे-टाळू खाजते, ताप नाही, पाणी पातळ आणि पांढरं. हे वर्णन परागांच्या ॲलर्जीशी जुळतं. गावाकडे तूर-ज्वारीच्या मळणीला किंवा कडब्याची गंज हलवताना शिंकणाऱ्यांचा हंगाम वेगळा, तो डिसेंबर ते मार्च. आणि बारा महिने सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका येत असतील तर गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांवर संशय घ्यावा.

पण ते लूमवर काम करतात, म्हणून एक गोष्ट तुम्हीच घरी तपासा. सुट्टीच्या दिवशी नाक मोकळं असतं का? असेल, तर दोष गवताचा कमी आणि कारखान्यातल्या तंतूंचा, धुळीचा जास्त. आणि सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, धाप लागते, मग आठवडाभरात कमी होतं, असं असेल तर ती सर्दी नव्हे. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या त्रासाची ही जुनी ओळखीची खूण आहे. त्यावर सेट्रीझिन काहीही करत नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जायचं, फुंकायची तपासणी करून घ्यायची आणि कामाच्या जागी मास्क वापरायचा. तोंडावर बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आत जातेच.

समजा गवताचीच ॲलर्जी आहे. मग ‘आठवेल तशी’ हे सोडावं लागेल. पराग नाकात गेला की शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. ते नाकाच्या, डोळ्यांच्या आतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि शिंका-खाज सुरू होते. आपली गोळी त्या जागा आधीच अडवून ठेवते. बसमध्ये खिडकीच्या सीटवर आधी रुमाल टाकला तर जागा मिळते, कुणी बसल्यावर टाकून उपयोग नाही, इथेही तसंच. म्हणून हंगाम लागला की रोज, ठरल्या वेळी, एकच. सेट्रीझिनचा असर साधारण तासाभरात सुरू होतो आणि चोवीस तास राहतो. त्रास जास्त आहे म्हणून सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असं केल्याने शिंका तिप्पट कमी होत नाहीत, पेंग मात्र तिप्पट येते.

पेंग हा लूमवाल्याच्या बाबतीत खरा प्रश्न आहे. सेट्रीझिन ‘झोप न येणारी’ म्हणून विकली जाते, ते अर्धसत्य आहे. साधारण दहातल्या एखाद्याला तिने चांगलीच सुस्ती येते. तुमचे यजमान त्या एकात आहेत की नऊत, हे पाळीच्या मधोमध कळून उपयोगाचं नाही. पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यायला लावा. दिवसपाळी असेल तेव्हा गोळी रात्री जेवणानंतर. रातपाळी असेल तेव्हा सकाळी घरी येऊन, झोपण्याआधी. पाळी बदलली की वेळ बदलेल, हे त्यांच्या डोक्यात बसवा. नाहीतर सवयीने रात्री नऊला गोळी घेतील आणि दहाला फिरत्या मशीनसमोर उभे राहतील. पुणे-हैदराबाद रोडवर गाडी चालवणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. दारू, ताडी यांच्याबरोबर तर कुठलीच ॲलर्जीची गोळी नको; दोन्हींची गुंगी एकमेकांवर चढते.

सेट्रीझिनने पेंग येतच असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा. ती मेंदूत जवळजवळ शिरत नाही, म्हणून मशीनवर काम करणाऱ्यांसाठी मला ती जास्त पटते. महाग आहे, हे खरं. तिच्या दोन खोडी आहेत. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती पोटातून नीट शोषली जात नाही. मोसंबीचा ज्यूस पिणाऱ्यांनीही गोळीच्या वेळी तो टाळावा, ग्लासभर पाणीच घ्यावं. आणि ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं पातळ औषध घेत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन नावाची गोळी हल्ली डॉक्टर बरीच लिहितात. ती जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची असते. ‘जेवल्याबरोबर घेतो, गुणच येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी घड्याळाबद्दलच विचारतो. लोराटाडिनही चांगली आहे, झोप कमी आणते.

जुन्या गोळ्यांपासून मात्र दूर राहा. क्लोरफेनिरामिन, जिला आम्ही सीपीएम म्हणतो, किंवा फेनिरामिन, जी ॲव्हिल नावाने घराघरात माहीत आहे. रुपया-दोन रुपयांत मिळतात, शिंका थांबवतात, पण मेंदूत शिरतात. सीपीएमचं निम्मं औषध रक्तातून उतरायला मोठ्या माणसात सरासरी वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे ‘रात्री घेऊन झोपलो, सकाळी फ्रेश’ असं होत नाही. माणसाला स्वतःला झोप आलेली जाणवत नाही, तरीही हाताची चपळाई कमी झालेली असते. ‘गाठ बांधताना हात चुकतोय’ असं कामगार स्वतः येऊन सांगत नाही. त्याला वाटतं हे वयाचं किंवा उन्हाचं असेल.

आता सगळ्यात मोठ्या गोंधळाकडे येतो, कारण मला काउंटरवर रोज दिसतो तो हाच. माणूस म्हणतो, ‘मी एकच सेट्रीझिन घेतो.’ खिशातून स्ट्रिपा काढायला लावल्या की दिसतं भलतंच. एक साधी सेट्रीझिन. एक सर्दीची ‘कॉम्बिनेशन’ गोळी, जिच्यात पॅरासिटामॉल ५००, फेनिलेफ्रिन आणि सीपीएम किंवा पुन्हा सेट्रीझिनच. एक डॉक्टरांनी मागच्या वर्षी दिलेली मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेट्रीझिन. वर खोकल्याचं औषध, त्यातही सीपीएम. म्हणजे एका दिवसात ॲलर्जीची चार औषधं, आणि नावं चार वेगवेगळी असल्यामुळे संशयही येत नाही. लिव्होसेट्रीझिन हे सेट्रीझिनचंच नेमकं काम करणारं अर्धं अंग आहे. ५ मिलिग्रॅम लिव्हो म्हणजे जवळपास १० मिलिग्रॅम सेट्रीझिन. दोन्ही एकत्र घेणं म्हणजे सरळ दुप्पट डोस. त्यात ताप म्हणून साडेसहाशेची पॅरासिटामॉल वेगळी घेतली तर तिचाही हिशोब सुटतो, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की थेट लिव्हरवर जातं.

म्हणून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. पुढचं मोठं नाव पुष्कळदा कंपनीचं असतं, औषध मागे असतं. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला विचारा, ‘यात ॲलर्जीचं काय आहे?’ उत्तर द्यायला तो बांधील आहे. गर्दी असली तरी.

ताप नाही, अंगदुखी नाही, फक्त शिंका आणि खाज, अशा ॲलर्जीला कॉम्बिनेशनची गोळी लागतच नाही. तिच्यातल्या फेनिलेफ्रिनबद्दल तर २०२३ च्या सप्टेंबरात एफडीएच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडाने घेतल्यावर ते नाक मोकळं करत नाही. काम करत नाही, पण बीपीवाल्याच्या गोळ्यांच्या यादीत उगाच एक धोका वाढवतं. सासूबाईंना ती गोळी देऊ नका, हे एवढ्यावरूनच ठरतं.

मॉन्टेलुकास्टबद्दलही सांगून ठेवतो, कारण ती आता पेपरमिंटसारखी मागितली जाते. २०२० मध्ये एफडीएने तिच्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: चिडचिड, भयानक स्वप्नं, उदासी, काही जणांत आत्महत्येचे विचार. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर औषधांनी भागत नसेल तरच ती द्यावी, असाही सल्ला त्यात आहे. दमा असेल आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली असेल तर घ्या, मनाने बंद करू नका. पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून नको. मूल अचानक झोपेत ओरडायला लागलं, तर घरात कुणाला दृष्ट काढायचं सुचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

सासूबाई. साठी-सत्तरीच्या माणसाला सीपीएम, ॲव्हिल, हायड्रॉक्सिझिन या गटातली गोळी देणं मला अजिबात पटत नाही. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, डोक्यात गोंधळ होतो. काचबिंदूचा एक प्रकार असेल तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो. घरात प्रोस्टेट वाढलेले आजोबा असतील तर लघवी अडते. आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणं, हे तर खुब्याच्या हाडापर्यंत जातं. त्यांना नव्या गटातली एकच गोळी, क्रिएटिनिन बघून, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या सुरू असतील तर ते आधी सांगायचं. शुगरवाल्यांना पातळ औषधापेक्षा गोळी बरी, सिरपमध्ये साखर असते.

पाच वर्षांच्या मुलीला गोळीचे तुकडे नकोत. पाव केलेली गोळी कधीच पाव नसते. या वयात सेट्रीझिनचं सिरप साधारण अडीच मिलिग्रॅमपासून, दिवसातून एकदा सुरू करतात, आणि दिवसभरात ५ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. पण तिचं वजन बघून बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावं. बाटलीवर ‘दर ५ मिलिलिटरमध्ये किती’ हे बघा: सेट्रीझिनच्या सिरपात साधारण ५ मिलिग्रॅम असतं, लिव्होसेट्रीझिनच्या सिरपात अडीच. दुकानात बाटली बदलून मिळाली तर डोसही पुन्हा विचारा. मोजायला बाटलीसोबतचं झाकण किंवा सिरिंज वापरा, चहाचा चमचा नाही. घरातले दोन चमचेही सारखे नसतात. दोन वर्षांखालच्या बाळाला तर डॉक्टरांशिवाय काहीच नको. सीपीएम-फेनिलेफ्रिनच्या सर्दीच्या मिश्रणांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं आहे, तरी ‘बाळ शांत झोपतं’ म्हणून मागायला येणारे येतात. मूल झोपवण्यासाठी ॲलर्जीचं औषध मी देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांबद्दल थोडक्यात: त्यांच्यासाठी लोराटाडिन आणि सेट्रीझिन यांचा अनुभव बराच आहे, तरी निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. जुन्या गोळ्यांनी बाळ सुस्त होऊ शकतं.

नाक बंद हाच मुख्य त्रास असेल तर एकटी गोळी पुरत नाही. शिंका, खाज, पाणी यावर ती चांगली. चोंदलेल्या नाकावर फिकी. तिथे फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारखा नाकाचा स्टेरॉइड स्प्रे जास्त उपयोगी ठरतो. ‘स्टेरॉइड’ ऐकून लोक मागे सरतात. पण ठरलेल्या डोसमध्ये तो फार थोडा रक्तात उतरतो. तो रोज मारायचा असतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तुमच्याकडे गणपतीच्या आसपासच सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मान किंचित खाली, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही तर त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने, आणि जोरात ओढायचं नाही. पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं आणि लोक स्प्रेला दोष देतात. नाक क्षणात उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब हे वेगळं औषध. ते पाच दिवसांच्या पुढे नको. पुढे थेंबांमुळेच नाक बंद व्हायला लागतं.

लोक ज्याला घाबरायला हवं त्याला घाबरत नाहीत: कागदात बांधून मिळणारी बिननावाची पुडी. ‘दोन पुड्यांत सर्दी गायब’ असं जिथे होतं, तिथे बहुतेकदा आत तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन हे स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं औषध एकत्र असलेल्या छापील गोळ्याही मिळतात, त्यांचंही तेच. सासूबाईंची शुगर दोन दिवसांत कुठल्या कुठे जाईल. ज्या औषधाचं नाव सांगायला देणारा तयार नाही, ते घरात आणू नका.

गोळीवर वेळ घालवायचा नाही अशा काही गोष्टी आहेत. ओठ-जीभ-चेहरा सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं, विशेषतः मधमाशी चावल्यावर, काही खाल्ल्यावर किंवा इंजेक्शन-औषधानंतर: ताबडतोब १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल. तिथे जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲव्हिल देऊन वाट बघत बसणं घातक आहे. घाई नसलेल्या, पण डॉक्टरांकडे नेणाऱ्या खुणाही आहेत: एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त, ताप, दहा दिवसांच्या पुढे गेलेलं गालाचं-कपाळाचं दुखणं, वास जाणं, छातीत घरघर. नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा एकाच माणसात नांदतात.

औषधाशिवाय होण्यासारखं थोडं आहे, पण ते फुकट आहे. पाळीवरून आल्यावर आधी आंघोळ, कामाचे कपडे घरात झटकायचे नाहीत. घर ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडा झाडू शिंकणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही. नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलं. प्लॉटवरचं गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढलं तर गल्लीचंच भलं. पण ते यजमानांनी काढायचं नाही.

दोन-तीन हंगाम नीट औषध घेऊनही त्रास तसाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते हातावर टोचून ॲलर्जीची टेस्ट करायला सांगू शकतात. त्याआधी या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटीच ‘काही नाही’ म्हणते. नेमके दिवस टेस्ट करणाऱ्यांकडून घ्या. त्यांच्याकडे जाताना कपाटातल्या, पर्समधल्या, यजमानांच्या डब्याच्या पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिपा आणि बाटल्या, अर्ध्या संपलेल्या धरून, बरोबर न्या.